मसाल्याची बिअर, मुंबईतील

मसाल्याची बिअर : सातूच्या माल्टापासून किण्वनाने (आंबविण्याच्या क्रियेने) तयार होणाऱ्या बिअरमध्ये दालचिनी, जायफळ, वेलची, लवंग, सुंठ यांसारखे, एरवी मिष्टान्नांत वापरले जाणारे मसाले घालून बनविलेले पेय. यातील कडक प्रकारांत अल्कोहॉलाचे प्रमाण साधारणतः ७ ते १० टक्के असते. नेहमीच्या सौम्य बिअरमध्ये ते ४ ते ५ टक्के असते. मुंबईत लहान प्रमाणावर व कारागिरीने बनविलेली, ‘क्राफ्ट’ या नावाने ओळखली जाणारी बिअर एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लोअर परळ भागातील जुन्या गिरण्यांच्या आवारांतून मिळू लागली. त्यामुळे मसाल्याची बिअर ही सर्वस्वी परकी व नवी गोष्ट होय, असा सर्वसाधारण समज आहे. सातूची बिअर परकी आहे, हे खरे. तथापि मसाला घातलेल्या कडक पेयाची रुची गिरगाव, दादर, परळ व लालबाग या परिसराला मुळीच नवी नाही. या परिसराच्या गेल्या सु. साडेतीनशे वर्षांच्या इतिहासात रुची फारशी बदलली नाही. बदलत गेला तो पेय बनविण्याचा, विकण्याचा व पिण्याचा हक्क. तो कोणाकडून कोणाकडे गेला, हे पाहिल्याखेरीज या पेयाचा मुंबईतील इतिहास नीट कळत नाही.

घटक व निर्मिती : सातूचे दाणे भिजवून त्यांना मोड आणतात व ते वाळवून अथवा भाजून माल्ट तयार करतात. भरडलेले माल्ट सु. ६५° ते ६८° से. तापमानाच्या पाण्यात ठेवले असता त्यातील विकरांच्या क्रियेने पिष्टाचे शर्करेत रूपांतर होते. गाळून मिळणारा गोड द्रव हॉप या वेलीच्या फुलांसह उकळतात, थंड करतात व त्यात यीस्ट घालून तो आंबवितात. हॉपमुळे कडवटपणा येतो व पेय टिकते. माल्टाचे प्रमाण वाढविले, की शर्करा व पर्यायाने अल्कोहॉल वाढते. सर्व शर्करा आंबत नसल्यामुळे थोडा गोडवाही शिल्लक राहतो. माल्ट अधिक भाजलेले असेल, तर त्यातून जळक्या साखरेची, कॉफीची वा कोकोची आठवण करून देणारी चव येते. अशा गोडसर व दाट पेयाशी मिष्टान्नातील मसाले सहज जुळतात.

मसाल्यांचा स्वाद त्यांतील बाष्पनशील तेलांमुळे येतो. दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, लवंगेत यूजेनॉल, वेलचीत सिनिओल व टर्पिनिल ॲसिटेट ही प्रमुख द्रव्ये असतात. सुंठेचा तिखटपणा शोगाओल या द्रव्याचा असतो. ही द्रव्ये पाण्यात अल्प, तर अल्कोहॉलात अधिक विरघळतात. त्यामुळे कडक बिअर मसाल्याचा स्वाद सौम्य बिअरपेक्षा चांगला धरून ठेवते. दीर्घकाळ उकळल्यास ही तेले वाफेबरोबर निघून जातात. म्हणून मसाला उकळीच्या अखेरीस किंवा किण्वन संपल्यानंतर घालतात. जायफळ व लवंग यांचे प्रमाण अत्यल्प ठेवावे लागते. ते थोडे वाढले तरी पेयाला औषधी वास येतो. बव्हेरियातील गव्हाच्या बिअरला लवंग न घालताही लवंगेचा वास असतो; तो तेथील विशिष्ट यीस्टमुळे तयार होणाऱ्या व्हिनिल ग्वायाकॉल या द्रव्याचा होय.

पूर्वपीठिका : मादक पेयांत मसाला घालण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षप्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी मेदक हे तांदूळ व किण्व यांपासून बनत असे, म्हणजेच ते धान्याच्या पेयांत मोडते. मैरेयात मेषशृंगीच्या सालीचा काढा व गूळ यांबरोबर पिंपळी व मिरी यांचा मसाला पडत असे. या व्यवसायावर राजसत्तेचा अधिकारी नेमलेला होता, ही गोष्टही लक्षणीय आहे. यूरोपात हॉपचा प्रसार होण्यापूर्वी वनस्पतींचे सुगंधी मिश्रण घालून बिअर करीत. बव्हेरियात १५१६ च्या आदेशाने पाणी, सातू व हॉप यांव्यतिरिक्त इतर घटकांना मनाई झाली. इंग्लंडमध्ये मात्र हिवाळ्यात जायफळ, सुंठ व साखर घालून तापविलेली बिअर पिण्याची चाल टिकून राहिली, तर बेल्जियममध्ये धने व संत्र्याची साल घातलेली गव्हाची बिअर होत असे. ही बेल्जियन परंपरा लुप्त होत असता १९६० च्या दशकात पीअर सेलिस यांनी हूगार्डन या गावी तिचे पुनरुज्जीवन केले. पुढे अमेरिकेतील छोट्या बिअर-उत्पादकांनी दालचिनी, जायफळ, लवंग व सुंठ घातलेल्या हंगामी कडक बिअर लोकप्रिय केल्या. मुंबईत आलेला प्रकार या मार्गाने आलेला आहे.

माडी, पंच व खिमाड : गिरगाव, दादर व माहीम हा भाग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः नारळी-पोफळीच्या वाड्यांचा होता. गिरगावातील अनेक वस्त्यांच्या नावांत ‘वाडी’ हा शब्द आजही आढळतो. माडापासून माडी, ताडापासून ताडी व शिंदीपासून शिंदी काढण्याचे काम भंडारी समाज परंपरेने करीत असे. पोयीला छेद देऊन ठिबकणारा रस मडक्यात धरीत. ताजा रस म्हणजे नीरा. ती काही तासांत आपोआप आंबते व तिची माडी होते. माडी आणि सौम्य बिअर यांतील अल्कोहॉलाचे प्रमाण साधारणतः सारखेच असते. माडीचे ऊर्ध्वपातन करून कडक अर्क काढीत. हा व्यवसाय घरगुती व वाडीपुरता होता. झाड, भट्टी व गिऱ्हाईक ही तिन्ही हाकेच्या अंतरावर असत.

या अर्कात मसाला घालून केलेले पहिले प्रसिद्ध पेय म्हणजे पंच होय. १६७२ ते १६८१ या काळात मुंबई, सुरत व इतर भागांत वावरलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने या पेयाची नोंद केली असून त्याचे नाव पाच या संख्येवरून पडले, असे म्हटले आहे. अर्क, साखर, लिंबाचा रस, पाणी व मसाला (बहुधा जायफळ) हे ते पाच घटक होत. या व्युत्पत्तीबद्दल पुढे काही अभ्यासकांनी शंका घेतली असली, तरी पश्चिम किनाऱ्यावरील इंग्रजांत हे पेय सार्वत्रिक होते, याविषयी दुमत नाही. मुंबईच्या कंपनी सरकारने १६९४ मध्ये काढलेल्या आदेशानुसार खाणावळीत येणाऱ्या गिऱ्हाइकाला एक क्वार्ट चांगला गोव्याचा अर्क, अर्धा पौंड साखर व अर्धा पिंट लिंबाचा रस मागून घेऊन स्वतःचा पंच स्वतः बनविण्याचा अधिकार होता. भेसळ व मापातील लबाडी यांना आळा घालणे, हा या आदेशाचा हेतू उघड दिसतो. मुंबईतील मद्यविषयक नियमनाच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते व त्यात ग्राहकाच्या हिताला स्थान आहे.

दुसरे पेय खिमाड. ते मुंबई व साष्टीतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे असून गिरगावातील खोताच्या वाडीत या समाजाची जुनी घरे आहेत. देशी अर्कात पाणी, साखर, दालचिनी, लवंग यांसारखे मसाले घालून खिमाड तापवितात व लग्न, बारसे आदी प्रसंगी पाहुण्यांना लहान पेल्यांतून गरम गरम देतात. घरोघरी मसाल्याचे प्रमाण वेगळे असते. गोड, उष्ण, सुगंधी व दिसते त्याहून कडक अशा या पेयाची चव आजच्या मसाल्याच्या बिअरच्या फार जवळची आहे. खिमाड दुकानात विकण्यासाठी नसून घरातील कार्यासाठी असे. त्यामुळे त्याच्या पिण्याला आपोआप मर्यादा पडत असे.

आबकारी व गिरणगाव : मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या आबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवर सरकारी नियंत्रण घट्ट केले. रस काढण्याच्या झाडांवर झाडागणिक कर बसला व तो वाढत गेला. घरोघरच्या भट्ट्या बंद होऊन ऊर्ध्वपातन मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांत एकवटले. मुंबईला लागणारी मोहाची दारू मुख्यतः उरण येथील भट्ट्यांतून येऊ लागली. १८९२ च्या मोहफुलांसंबंधीच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. या सर्व उपायांचे समर्थन मद्यपानास आळा घालणे, असे केले जाई. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी आबकारी हे इलाख्याच्या उत्पन्नाचे जमीनमहसुलाच्या खालोखाल मोठे साधन बनले होते. वाढत्या करामुळे माडी काढणे अनेकांना परवडेनासे झाले. वाड्यांच्या जागी चाळी उठल्या, माड तोडले गेले आणि भंडारी समाजातील पुष्कळ कुटुंबे नोकरी वा इतर उद्योगांकडे वळली.

याच काळात ताडदेव, परळ, लालबाग हा पट्टा गिरणगाव म्हणून आकारास आला. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली मुंबईतील पहिली कापडगिरणी ताडदेव येथे उभी राहिली. कोकण व घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटा असे. तो खोलीत गाळ्याने राही व खाणावळीत जेवी. दीर्घ पाळीनंतर सरकारमान्य गुत्त्यात मिळणारी दारू ही मक्तेदाराच्या भट्टीची, एकसारखी व बेचव असे. तिच्यात ना घरचा मसाला होता ना कार्याची मर्यादा. पगार झाला, की त्यातील हिस्सा गुत्त्यावर जाई व गुत्त्यावरून तो सरकारी खजिन्यात जाई. म्हणूनच मद्यपाननिषेधाचा प्रश्न राष्ट्रीय चळवळीशी जोडला गेला. पुण्यात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने दारूच्या दुकानांपुढे निरोधने झाली. १९३० च्या सविनय कायदेभंगातही हा कार्यक्रम होता.

दारूबंदी : काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी जाहीर केली. बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसविण्यात आला. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने हा प्रयोग अल्पकाळ टिकला. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत होऊन ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी अंमलात आली. सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात (१९५१) औषधी व प्रसाधन द्रव्यांविषयीच्या व अन्य काही तरतुदी रद्द केल्या. परंतु अधिनियमाचा मुख्य भाग वैध ठरविला. माडीही बंदीत आली. परवान्यावर नीरा विकण्याची तेवढी मुभा राहिली.

दारूबंदीचा हेतू कामगाराचे घर सावरण्याचा होता आणि अनेक घरांना, विशेषतः स्त्रियांना, तिचा आधार वाटला, हे नाकारता येत नाही. मात्र मागणी संपली नाही. खाडीकाठी, झोपडपट्ट्यांत व चाळींच्या मागे हातभट्ट्या सुरू झाल्या. गूळ व नवसागर यांपासून काढलेली ‘पहिल्या धारेची’ दारू नवटाक व पावशेर या मापांनी विकली जाऊ लागली. शहरात स्त्रियांनी चालविलेले घरगुती अड्डे पुष्कळ होते. ‘आंटीचा अड्डा’ हा शब्दप्रयोग त्यांतूनच रूढ झाला. १९६० च्या दशकापासून बंदी क्रमाक्रमाने शिथिल झाली. १९७३ च्या नियमांखाली देशी मद्य परवान्याने विकले जाऊ लागले व त्यात संत्र्यासारख्या स्वादांचे प्रकार आले. मूळ अधिनियम मात्र आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने अस्तित्वात असून मद्य पिणाऱ्याजवळ परवाना असणे कायद्याने आवश्यक आहे. ‘परमिट रूम’ ही महाराष्ट्रातील पाटी याच इतिहासाची खूण होय.

गिरण्यांच्या आवारात : दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख गिरणीकामगार सहभागी झाले. संप औपचारिक रीत्या मागे घेतला गेला नाही. पुष्कळशा गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा अन्य वापर शक्य झाला व २००१ मधील बदलाने त्यास अधिक वाव मिळाला. गोदामे व खाती यांच्या जागी कचेऱ्या, दुकाने व उपाहारगृहे आली. महाराष्ट्रात लघु बिअरनिर्मितीगृहांस परवाने मिळू लागल्यावर २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांतच लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘बार्किंग डियर’ या उपाहारगृहात मुंबईतील आरंभीची क्राफ्ट बिअर तयार झाली. शहरात जागेची टंचाई असल्याने ‘गेटवे’सारख्या उत्पादकांनी डोंबिवलीत कारखाना काढून मुंबईस पुरवठा केला. बेल्जियन धर्तीची, धने व संत्र्याची साल घातलेली बिअर या काळात मुंबईकरांच्या परिचयाची झाली. पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एल वर्क्स’ने कोकमाची बिअर करून स्थानिक चवीचा मार्ग दाखविला.

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांत ५ ते ८ टक्के अल्कोहॉल असलेली बिअर ‘कडक’ या वर्गात येते. म्हणून परदेशात १० टक्क्यांपर्यंत जाणारे मसाल्याचे प्रकार येथे ८ टक्क्यांच्या आतच बसवावे लागतात आणि दाटपणा भाजलेल्या माल्टाने वा गुळासारख्या घटकांनी साधावा लागतो.

चव-परीक्षण : कडक मसाल्याची बिअर मोठ्या पेल्यात व बर्फासारखी थंड करून घेतल्यास तिचे गुण कळत नाहीत. थंडीमुळे जीभ बधिर होते व सुगंध दबतो. सु. १०° ते १४° से. तापमानास, तोंडाशी किंचित निमुळत्या लहान पेल्यात १०० ते १५० मिलि. ओततात. प्रथम रंग व फेस पाहतात. मग पेला हलवून वास घेतात. वेलची व दालचिनी यांचा वास आधी येतो, जायफळाचा मागाहून. पहिला घोट लहान घेऊन जिभेवर फिरवितात. आधी माल्टाचा गोडवा, मग मसाला व शेवटी हॉपचा कडवटपणा आणि अल्कोहॉलाची ऊब, असा क्रम जाणवावा. पेय पेल्यात कोमट होऊ लागते तसे मसाल्याचे प्रमाण चुकले असल्यास ते उघडे पडते. लवंगेने जीभ बधिर होणे, दालचिनीचा तुरटपणा घशात राहणे, जायफळाने कडवट औषधी चव येणे हे मसाल्याचे दोष होत. ओल्या पुठ्ठ्याचा वास जुनेपणाचा आणि आंबट शिरक्याचा वास जंतुसंसर्गाचा दर्शक असतो. अनेक प्रकार चाखावयाचे असल्यास सौम्यापासून कडकाकडे जातात व मधूनमधून साधे पाणी पितात.

मराठी चवीला येथे एक तयार मापदंड उपलब्ध आहे. श्रीखंडातील वेलची, पुरणातील जायफळ व बासुंदीतील केशर यांचे प्रमाण गिरगाव-दादरच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. लालबागच्या मसाला बाजारात दर उन्हाळ्यात दालचिनी, लवंग व वेलची पारखून घेऊन वर्षाचा मसाला कांडून घेणाऱ्या स्त्रियांचे नाकही तितकेच तयार असते. पुरणात जायफळ आहे हे कळावे, पण जायफळाचेच पुरण वाटू नये, हा गृहिणीचा नियम मसाल्याच्या बिअरलाही लागू पडतो.

गोडव्यामुळे तिची तीव्रता मात्र लपते. ८ टक्क्यांच्या ३०० मिलि. बिअरमध्ये २४ मिलि. अल्कोहॉल असते; ४० टक्क्यांच्या ६० मिलि. स्पिरिटमध्येही तेवढेच असते. मिष्टान्नासारखी लागणारी ही बिअर मिष्टान्नासारखी भरपूर घेण्याची नव्हे. खिमाडाचा पेला लहान असे, त्यामागे हेच व्यवहारज्ञान होते.

सामाजिक आशय : क्राफ्ट बिअर प्रामुख्याने उच्च मध्यमवर्गाचे पेय राहिले आहे. ज्या आवारात ती मिळू लागली, तेथे पूर्वी काम करणाऱ्या कामगाराच्या कुटुंबास तिचा एक पेलाही सहसा परवडत नाही. याच महानगरात जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित गावठी दारूने शंभराहून अधिक गरीब माणसे दगावली. मिथेनॉलाला मसाल्यासारखी ओळखीची चव नसते. पिणाऱ्याला भेसळ कळावी, असा त्यापाशी कोणताच उपाय नव्हता. नव्या मद्यगृहांतही नियमपालन सदैव चोख होते, असे नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला.

माडीवाल्या भंडाऱ्याला परवडेनासा झालेला धंदा, गुत्त्यातील बेचव दारू, बंदीतील हातभट्टी व गिरणीच्या आवारातील सुगंधी बिअर हे एकाच भूभागाच्या इतिहासाचे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर कायद्याने पेयाचे नियमन केले. मात्र पेय शुद्ध असावे, माप खरे असावे व पिणाऱ्याला आपण काय पितो हे ठाऊक असावे, ही १६९४ च्या आदेशातील साधी अपेक्षा सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. मसाल्याच्या बिअरच्या बाटलीवर तिची अल्कोहॉलाची टक्केवारी लिहिलेली असते. स्वस्त दारू पिणाऱ्यालाही तितकीच खात्री मिळणे, हा या परिसराच्या मद्येतिहासातील अपुरा राहिलेला भाग होय.